भांड्यावर नाव कुणाचं?

‘अननोन आर्टिस्ट’ नावाचा कलाकार जगात कुठेही जन्माला आलेला नाही. तरी माझ्या फोनमध्ये त्याची तीनशे बारा गाणी आहेत. काही साठच्या दशकातल्या अमेरिकी पोरांनी गॅरेजमध्ये बडवलेली, काही आपल्याकडच्या पोरांनी १९७० साली एका सिगारेटच्या स्पर्धेसाठी वाजवलेली आणि काही आमच्या खान्देशातल्या लग्नांमधली. फोनला तिन्ही सारखीच. नावाचा रकाना रिकामा दिसला की तो आपणहून लिहून टाकतो, अननोन आर्टिस्ट.

मी सोनगीरचा. धुळं ओलांडून मुंबई-आग्रा रस्त्यानं शिरपूरकडे निघालात की थोड्याच वेळात लागतं. किल्ला आहे, आणि तांब्यापितळेची भांडी घडवणाऱ्यांचं गाव म्हणून जुनी ओळख आहे. इंजिनिअरिंग झालं, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या डेटाबेसमधले रिकामे रकाने शोधतो आणि रात्री हेडफोन लावून कुणाला माहीत नसलेले जुने बँड शोधतो. हा लेख या दुसऱ्या शोधाविरुद्ध आहे. म्हणजे आधी माझ्याविरुद्ध, आणि मग तुमच्यातल्या त्या प्रत्येकाविरुद्ध, ज्याला ‘हा बँड तू ऐकलाच नसशील’ असं म्हणताना आतून गुदगुल्या होतात.

माझी सुरुवात हॉस्टेलवर झाली. तिसऱ्या वर्षाला असताना एका सीनियरनं हार्ड डिस्क दिली, तीत ‘नगेट्स’ होतं. लेनी के या तरुणानं १९७२ साली इलेक्ट्रा कंपनीसाठी केलेलं हे दोन रेकॉर्डींचं संकलन. १९६५ ते ६८ या काळातल्या रॉक गटांची २७ गाणी. यातल्या बहुतेकांचं एखाद-दुसरं गाणं वाजलं आणि गट विरून गेले. गाणी जेमतेम चार-सात वर्षांची होती, तरी के ती आत्ताच गोळा करायला हवीत म्हणून गोळा करत होता. मला मात्र तेव्हा फक्त गिटारचा तो फाटका, खरखरीत आवाज ऐकू आला. आवाजाची लाट अ‍ॅम्प्लिफायरला पेलवली नाही की तिचे शेंडे कापले जातात. सिग्नल्सच्या पेपरात ‘क्लिपिंग’ म्हणून दोन मार्कांना जे लिहिलं होतं, ते इथं कुणीतरी मुद्दाम केलं होतं, आणि ते ऐकून अंगावर काटा येत होता.

पुढे तो खेळ झाला. द मंक्स घ्या. जर्मनीत तैनात असलेल्या अमेरिकी सैनिकांनी तिथेच काढलेला गट, डोक्याचा मधला भाग भादरून स्टेजवर उभे राहायचे, १९६६ मध्ये एकच अल्बम. हे मी मित्राला सांगितलं. त्यानं मला झांबियातला सत्तरच्या दशकातला विच नावाचा गट ऐकवला. मी आणखी खोल गेलो. जितके कमी व्ह्यूज, तितकी माझी कॉलर ताठ. एखाद्या गाण्याचे व्ह्यूज लाखावर गेले की माझा त्यातला रस संपायचा. गाणं तेच होतं, पण आता ते बाकीच्यांनाही मिळालं होतं. पाच-सहा वर्षं मी हे केलं. आज मागे वळून पाहताना त्याला एकच शब्द सुचतो, हावरटपणा.

कारण गाण्याचं अप्रसिद्ध असणं हा काही त्या गाण्याचा स्वाद नव्हे. कुणीतरी, कुठेतरी, काहीतरी लिहून ठेवलं नाही याचा तो परिणाम असतो. आपण मात्र तो मसाल्यासारखा चाखतो.

आता आपल्या घरचं उदाहरण घेऊ. साठच्या दशकाच्या शेवटी इम्पीरियल टोबॅको कंपनीनं आपल्या सिमला सिगारेटच्या जाहिरातीसाठी बीट संगीताची देशभरची स्पर्धा भरवायला सुरुवात केली. नाव ऑल इंडिया सिमला बीट कॉन्टेस्ट. ठिकठिकाणी फेऱ्या, आणि अंतिम फेरी मुंबईत षण्मुखानंद सभागृहात. ज्या षण्मुखानंदमध्ये आपले आजी-आजोबा शास्त्रीय गाणं ऐकायला जात, तिथं लांब केसांची पोरं भारतात बनलेल्या किंवा कुणाच्या तरी मामानं परदेशातून आणलेल्या गिटारी घेऊन उभी राहिली. शिलाँगहून फेंटोन्स आले, कलकत्त्याहून ग्रेट बेअर. १९७० आणि १९७१ या दोन वर्षांच्या स्पर्धकांच्या गाण्यांच्या दोन रेकॉर्डी निघाल्या. मुंबईत तेव्हा द सॅव्हेजेस, द जेट्स, द कंबस्टिबल्स असे गट वाजवत होते. कलकत्त्याहून निघणाऱ्या ‘ज्युनिअर स्टेट्समन’मध्ये त्यांचे फोटो छापून येत. १९७१ मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला ‘स्नेहयात्रा’ नावाचा रॉक महोत्सवसुद्धा झाला. मळवली म्हणजे आपण भाजे-लोहगडला जाताना उतरतो ते लोकलचं स्टेशन. मी तिथं पाच-सहा वेळा उतरलो असेन. एकदाही कुणी सांगितलं नाही.

या गटांचं पुढे काय झालं? बहुतेक पोरं नोकरीला लागली. कुणी जाहिरातीत गेलं, कुणी सिनेमाच्या स्टुडिओत वाजवायला, कुणी परदेशात. रेकॉर्डी माळ्यावर गेल्या आणि माळ्यावरून रद्दीत. मग २००० च्या आसपास जर्मनीतून निघणाऱ्या ‘लव्ह, पीस अँड पोएट्री’ या संकलन-मालिकेच्या आशियाई भागात सिमला बीटमधली गाणी आली आणि युरोपातले संग्राहक त्यांच्यामागे लागले. मुंबईच्या अ‍ॅटॉमिक फॉरेस्टची तीच कथा. त्यांची ‘ऑब्सेशन ७७’ ही रेकॉर्ड गटाचा जोर ओसरल्यावर, १९८१ मध्ये आली. तीस वर्षांनी, २०११ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या नाऊ-अगेन या लेबलनं त्यांचं संगीत पुन्हा काढलं, तेव्हा आपल्याला कळलं की असं काही आपल्याकडे होतं. या पिढीवरचं सिद्धार्थ भाटियांचं ‘इंडिया सायकेडेलिक’ हे पुस्तक यायला २०१४ उजाडलं. तेही इंग्रजीत.

इथं एक सोपी शिवी देता येते, ‘गोऱ्यांनी आपलं चोरलं’. मी ती देणार नाही. माळ्यावरची वस्तू आपण रद्दीत टाकायची आणि उचलणाऱ्याला चोर म्हणायचं, हे बरोबर नाही. माझं भांडण त्यांनी वापरलेल्या ‘हरवलेलं’ या शब्दाशी आहे, जो आपणही आनंदानं उचलला. ही माणसं हरवली नव्हती. मुंबई, बंगळूर, शिलाँगमध्ये राहत होती, बस पकडत होती, वीजबिलं भरत होती. कुणी विचारायला गेलं नाही एवढंच.

आता मराठीतला नेहमीचा आक्षेप. ‘ती इंग्रजाळलेली पोरं. बीटल्सची नक्कल. त्यांचं जतन आपण का करायचं?’ हा प्रश्न मला एका कार्यक्रमात एका काकांनी फार गोडीत विचारला. त्यांचं आवडतं संगीत नाट्यसंगीत. नाट्यसंगीत ज्या पेटीवर उभं राहिलं, ती पेटी युरोपातून आली. परकं वाद्य म्हणून आकाशवाणीनं १९४० पासून तीसएक वर्षं तिच्यावर बंदी घातली होती. म्हणजे ‘हे आपलं नाही’ म्हणणारे तेव्हाही होते, आणि त्यांचं ऐकलं असतं तर काकांची मैफल सुनी झाली असती.

शिवाय ही रॉकवाली पोरं मराठीच्या बाहेर राहिली हेही खरं नाही. नंदू भेंडे घ्या. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा, म्हणजे मराठी रंगभूमीच्या घरातलाच. वेल्वेट फॉग, सॅव्हेज एन्काउंटर अशा गटांतून गाणारा. १९७४ मध्ये अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्यानं जुडास केला, आणि १९७८ मध्ये पु.लं.नी लिहिलेल्या, जब्बार पटेलांनी बसवलेल्या ‘तीन पैशाचा तमाशा’त तो रॉकमधून आलेला गळा घेऊन मराठीत गायला. २०१४ मध्ये तो गेला. माझ्या वयाच्या दहा मराठी मुलांना विचारून पाहा, किती जणांना नाव माहीत आहे.

किंवा केशव साठे. मुंबईचे तबलावादक, लंडनला गेले. १९६६ मध्ये जो हॅरियट आणि जॉन मेयर यांच्या ‘इंडो-जॅझ स्वीट’वर तबला त्यांचा. १९७२ मध्ये मॅजिक कार्पेट या गटाची एकच रेकॉर्ड निघाली, त्यातही ते. आज सायकेडेलिक फोकचे वेडे तिच्यावर जीव टाकतात. त्या वेडात मीही होतो. तीन वर्षं ती रेकॉर्ड ऐकत होतो आणि तबला कुणाचा हे कधी पाहिलं नव्हतं. सतार होती, गाणारी बाई होती, धूर होता. साठे आडनावाचा माणूस त्या धुरात माझ्या शेजारी बसला होता आणि मला पत्ता नव्हता.

आणि बीटल्स. त्यांना कुणी अप्रसिद्ध म्हणणार नाही, म्हणूनच त्यांचं उदाहरण. १९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’मधल्या ‘लव्ह यू टू’वर तबला वाजवणाऱ्या अनिल भागवतांचं नाव वेष्टनावर छापलं गेलं. पुढच्या वर्षीच्या ‘सार्जंट पेपर’वर तेही झालं नाही. त्या मुखपृष्ठावर पन्नासहून जास्त प्रसिद्ध चेहरे आहेत, पण आत ‘विदिन यू विदाउट यू’वर दिलरुबा, तबला आणि तंबोरा वाजवणाऱ्या भारतीयांची नावं नाहीत. अण्णा जोशी, अमृत गज्जर, नटवर सोनी, बुद्धदेव कन्सारा ही नावं जगासमोर यायला २०१७ साल उजाडलं, अल्बमच्या पन्नाशीचं. जगातला बहुधा सर्वांत जास्त चर्चिलेला अल्बम, आणि त्यावरची माणसं पन्नास वर्षं अननोन आर्टिस्ट. तेव्हा प्रसिद्धी मिळाली की नाव टिकतं, हाही भ्रम सोडा. नाव लिहिलं तरच टिकतं.

आता दुसरा आक्षेप. तो माझ्याच घरातून येतो आणि जास्त खरा आहे. सिमला बीटवाली पोरं शहरातली, इंग्रजी शाळेतली, घरी रेकॉर्ड प्लेअर असलेली. त्यांची अंतिम फेरी झाली त्यानंतर वर्षभरातच ७२ चा दुष्काळ आला, आणि माझे आजोबा तेव्हा रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते. त्या पोरांच्या नावांसाठी सोनगीरच्या माणसानं का तळमळावं?

या प्रश्नाचं उत्तर मला पुस्तकात सापडलं नाही, ते ओट्यावर मिळालं. गेल्या मे महिन्यात घरी गेलो होतो. संध्याकाळी ओट्यावर फोनवर सिमला बीटमधलं एक गाणं लावलं. शेजारी माझे एक चुलत मामा बसले होते. ऐन उमेदीत ते लग्नाच्या बँडमध्ये बेंजो वाजवायचे. शहरी वाचकांसाठी सांगतो, हा अमेरिकी बँजो नव्हे. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं ते तारांचं वाद्य, पुस्तकात ज्याला बुलबुल तरंग म्हणतात. आमच्याकडे त्याला पिकअप लावून थेट भोंग्यात सोडतात. गाण्यात फझ गिटार सुरू झाली तसे मामा हसले. म्हणाले, “हाई ते आपला बेंजोच शे ना भो!”

मामांचं बरोबर होतं. पन्नास वऱ्हाड्यांसाठी बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरवर पाचशे वऱ्हाडी नाचवायचे म्हटले की लाटेचे शेंडे कापलेच जाणार. टेक्सासमधल्या गॅरेजमध्ये जे घडलं, तेच धुळे तालुक्यातल्या मिरवणुकीत घडत होतं. मी ज्या आवाजासाठी झांबियापर्यंत जाऊन आलो, तो माझ्या मुंजीत वाजला होता, आणि तेव्हा मी कानांवर हात ठेवले होते.

मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या बँडनं शहाण्णव साली धुळ्याच्या एका स्टुडिओत अहिराणी गाण्यांची कॅसेट केली होती. आठ गाणी, एका रात्रीत. पैसे मिळाले ते जेवणाचे आणि एसटीचे. कॅसेटवर कंपनीचं नाव होतं, गायकाचं होतं, आणि ‘संगीत’ या शब्दापुढे बँडच्या मालकाचं. वाजवणारे सहा जण, त्यांचं काही नाही. कॅसेट मामांकडे नाही. कंपनीही केव्हाच बंद पडली. त्यातलं एक गाणं मात्र मला फोनवर सापडलं. कुणीतरी खाली डीजेचे ठोके घालून चढवलंय. चढवणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरांत आहे. मामांनी आपला बेंजो दोन सेकंदांत ओळखला. मी चिडलो, ते नाही चिडले. म्हणाले, “नाव कोन इचारस रे भाऊ?”

आमच्या गावात या प्रश्नाचं उत्तर घराघरात मांडणीवर ठेवलेलं आहे. घरातली पितळेची जुनी भांडी काढा. हंडा, कळशी, परात. काठावर नाव घातलेलं असतं. अमक्याकडून तमक्याच्या लग्नात, अमुक साल. ते नाव देणाऱ्याचं. ज्यानं पत्रा तापवून, ठोकून ठोकून त्याला पोट दिलं, त्याचं नाव कुठेही नसतं. सोनगीरची भांडी दूरवर गेली, पण घडवणारा गावातच राहिला. सिमला बीटच्या रेकॉर्डवर ठळक नाव सिगारेटचं. मामांच्या कॅसेटवर मालकाचं. नाव घालायची रीत एकच आहे. म्हणून त्या शहरी पोरांचं आणि मामांचं दुखणं एकाच खात्यात जमा होतं. फरक इतकाच, की त्या पोरांचं संगीत रेकॉर्डवर तरी राहिलं आणि त्यांच्या मागे परदेशातले संग्राहक तरी लागले. मामांच्या मागे कुणी लागणार नाही. जर्मनीतून कुणी सोनगीरच्या स्टँडवर उतरून ‘इथे बेंजो कोण वाजवायचं’ असं विचारणार नाही.

‘गाणं महत्त्वाचं, नावात काय आहे’, असं कुणी म्हणालंच, तर त्याला कंबोडियाची गोष्ट सांगा. साठ-सत्तरच्या दशकात नॉम पेनमध्ये अफाट रॉक संगीत झालं. १९७५ मध्ये ख्मेर रूज सत्तेवर आली आणि पुढच्या चार वर्षांत त्या गायकांपैकी बहुतेक जण मारले गेले किंवा नाहीसे झाले. १९९६ मध्ये अमेरिकेत ‘कंबोडियन रॉक्स’ नावाचं संकलन निघालं. एका प्रवाशानं तिथल्या बाजारातून आणलेल्या कॅसेटींवरून केलेलं. त्यावर गाण्यांची नावं नव्हती, गायकांचीही नव्हती. जगभरच्या रसिकांना ते फार भावलं, आणि नावं नसल्यानं जास्तच गूढ वाटलं. गूढ! ज्यांना पुसून टाकण्यात आलं, त्यांचं पुसलं जाणं आपल्याला गूढ वाटलं. पुढे ऐकणाऱ्यांनीच, त्यात परदेशात पोचलेले कंबोडियन लोकही होते, एकेक गाणं ओळखून नावं भरली. सिन सिसामुथ. रोस सेरेसोथिया. आज ती गाणी ऐकताना ती माणसं म्हणून ऐकू येतात. ज्यांनी ते रकाने भरले त्यांनी एकही नवं गाणं ‘शोधलं’ नाही. पण त्यांचं काम मला माझ्या सगळ्या प्लेलिस्टींपेक्षा मोठं वाटतं.

तर माझं म्हणणं सरळ आहे. अप्रसिद्ध बँड शोधणं बंद करा असं मी म्हणत नाही. मीही करणार नाही, ती चटक सुटणारी नाही. पण सापडलेलं गाणं स्टोरीला टाकून ‘लपलेला हिरा’ लिहिण्याआधी दहा मिनिटं द्या. कोण वाजवतंय, कुठलं, कोणत्या साली, ते पाहा आणि सोबत लिहा. डिस्कॉग्स आणि म्युझिकब्रेन्झवर कुणालाही नोंद करता येते. तुमच्या-माझ्यासारखेच लोक ती करतात. इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या कॅसेटचं डिजिटल रूप, वेष्टनाच्या फोटोसकट ठेवता येतं. त्याआधी वाजवणाऱ्यांना विचारा, त्यांची हरकत नाही ना. आणि झांबियाला जायच्या आधी एकदा आपल्या ओट्यावर बसा. प्रत्येकाच्या नात्यात एक तरी माणूस असतो जो कधीतरी बँडमध्ये, मेळ्यात, ऑर्केस्ट्रात, भजनी मंडळात, कुठल्या तरी कॅसेटवर वाजवत होता. त्याला विचारणारे तुम्ही शेवटचे असू शकता. हे मी घाबरवायला सांगत नाही. मामांच्या सहा जणांपैकी दोघं गेलेत.

त्या रात्री मी लॅपटॉप काढला आणि एक साधी शीट केली. गाणं, वाद्य, वाजवणारा, गाव. मामांना वाटलं सरकारी योजनेचं काहीतरी आहे, म्हणून आधी त्यांनी आधार कार्ड काढलं. मग हळूहळू सांगायला लागले. बेंजो, ते स्वतः. साइड ड्रम, नगावचा एक जण, आता नाही. ढोल, गावातलाच, तोही नाही. ट्रम्पेट, नरडाण्याचा. कॅसिओ, मालकाचा पुतण्या. प्रत्येक नावाआधी ते थोडं थांबत होते आणि बोटं मांडीवर बटणं दाबल्यासारखी हलत होती.

क्लॅरिनेटवाल्याचं नाव त्यांना आठवेना. कापडण्याचा होता, उंच होता, फुंकताना डोळे मिटायचा, एवढंच. त्याच्या मेव्हण्याचा नंबर एकाकडे आहे म्हणतात. शीटमधला तो रकाना अजून रिकामा आहे. मी त्यात ‘अननोन’ लिहिलेलं नाही. ‘विचारायचंय’ असं लिहून ठेवलंय, आणि रविवारी कापडण्याला फोन लावणार आहे.